सफेद्याचे सात हात

१२ जानेवारी १९६४, रविवार

अँबॅसडरला आज सफेद्याचा सातवा हात लागला. शेवटचा. बोट फिरवलं तर लाकूड आहे की पत्रा, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी रेल्वेचा हेड ड्राफ्ट्समन घरी बसून हातभरसुद्धा नाहीत अशा मोटारी करतो, हे मी ऑफिसात वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. सिविल लाइन्समध्ये उभ्या मोटारींची मापं घेताना ड्रायव्हर हसतात. एकाने विचारलं, "बाबूजी, खरीदनी है क्या?" तेव्हापासून टेप खिशातच ठेवतो आणि पावलांनी मोजतो.

फुटाला पाऊण इंच हे प्रमाण. शिवणीच्या लाकडाचा सांगाडा मी कोरतो, चाकं, तारेचं स्टीअरिंग, पत्र्याचे बंपर हेही माझंच. ते सगळं ओसरीत. रंग मात्र बकुळचा. माझी धाकटी बहीण. नवरा इटारसीला गार्ड होता, तो जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती आमच्याकडे. मिरजेला असताना ड्रॉइंगची इंटरमिजिएट पास झालेली. ती सफेद्याच्या पांढऱ्या रंगात अळशीचं तेल घालून घोटते, हात देते, वाळला की पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करते, पुन्हा हात देते. असे सात. स्वयंपाकघरामागच्या कोठीत बसते. यार्ड जवळ असल्याने इंजिनांची काजळी ओल्या रंगावर बसते, म्हणून तिथल्या खिडकीला मी जाड कागद चिकटवलाय. घासताना कोठीत पांढरं धुकं होतं. ती बाहेर आली की भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि माझी बायको सिंधू हसते, "आली म्हातारी."

नंबरप्लेटचे आकडे तिने आज काढले. कुंचला ओठांत धरून टोक करते, एका केसाइतकं. मला जन्मात जमलं नसतं.

२६ जानेवारी, रविवार

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन. पहिलं बक्षीस अँबॅसडरला.

परीक्षकांत सिविल लाइन्सचे डॉ. श्रीवास्तव होते. चष्मा काढून दहा मिनिटं बघत होते. म्हणाले, "बेहेरे साहब, ये सब आपने अकेले किया?"

"जी, बस शौक है."

"नंबर प्लेट भी? ये फिनिश भी?"

"जी."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बकुळ आणि सिंधू मागे बायकांत उभ्या होत्या. बाहेर बँड वाजत होता. बकुळला ऐकू गेलं नसावं.

२७ जानेवारी

चहा देताना बकुळ म्हणाली, "दादा, मोटारीपुढच्या चिठ्ठीवर एकच नाव मावत होतं का?" हसत म्हणाली.

मी सांगितलं, भाग घेणारा रेल्वेचा नोकर असावा असा नियम आहे. नियम खरा आहे. पण डॉक्टरांनी मला नियम विचारला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

आमचे साहेब ३१ मार्चला निवृत्त होताहेत. स्टाफतर्फे त्यांना त्यांच्याच मोटारीची प्रतिकृती द्यायची ठरली. जुनी क्रीम रंगाची शेव्हरोले, सगळी गोलाई. काम अर्थातच माझ्याकडे. सात आठवडे.

बकुळ म्हणाली, "या खेपेला जरा दमाने घेऊ या का? मला अलीकडे थकवा वाटतो." मी म्हटलं, हे एवढं पार पडू दे, मग उन्हाळाभर विश्रांती. ती बरं म्हणाली. सांगाडा लवकर देता यावा म्हणून मी ऑफिसला जाण्याआधी तास दीड तास कोरतोय. ती दुपारीही कोठीत बसायला लागली आहे.

सफेद्याचे दोन डबे रमाकांतने घरी आणून दिले. त्याचं सदर बाजारात रंगाचं दुकान आहे. राहणारा खंडेराव गेटचा. दोनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले. मराठी बोलतो, पण मधेच हिंदीत घसरतो, आणि "आपण आज्ञा करावी" असलं जुनं काहीतरी म्हणतो. बकुळला मराठी मासिकं आणून देतो. पस्तिशीचा, बायको नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बकुळ जेवत नाही. पाण्याला लोखंडाची चव येते म्हणते. सिंधूने माठ घासला, दुसरीकडचं पाणी आणलं, तरी तेच. पोटात कळा येतात. चिडचिड वाढलीय. आज मी नुसतं विचारलं, चौथा हात कधी लागेल, तर म्हणाली, "लागेल तेव्हा लागेल." अशी ती कधी बोलत नसे.

चेहरा पांढराफटक दिसतो. मला वाटलं रंगच आहे. धुऊन आल्यावरही तसाच होता.

११ मार्च

सिंधूने आज स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. दोन महिने बकुळ बाजूला बसलेली नाही. सकाळी ओकारीही झाली.

"तू काय म्हणतेयस?" मी विचारलं.

"मी काही म्हणत नाहीये. जे आहे ते सांगतेय."

घरी येणारा परका पुरुष एकच आहे. ऑफिसात दिवसभर रेषा वाकड्या गेल्या.

१३ मार्च, शुक्रवार

विचारलं. लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

कोठीच्या दारात उभा राहून म्हणालो, "बकुळ, तो रमाकांत मासिकं देतो, त्याच्याशी तुझं कितपत बोलणं असतं?"

तिला आधी कळलंच नाही. म्हणाली, "कितपत म्हणजे? मासिकांपुरतं." मग माझ्या तोंडाकडे बघता बघता तिला कळलं. हातातला पॉलिशपेपर तिने खाली ठेवला.

"हे वहिनी विचारतेय की तू?"

"मी."

"बरं," ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पाठ फिरवली आणि पुन्हा घासायला लागली. मी ओसरीत येऊन बसलो तरी तो खर्र खर्र आवाज येत होता. निर्दोष माणूस गप्प बसतं का, असं मी तेव्हा मनात म्हणालो.

१५ मार्च, रविवार

मिरजेला अण्णांना पत्र टाकलं. विद्याधरअण्णा आमचे सगळ्यात थोरले, वडिलांच्या जागी. लिहिलं की बकुळचं वागणं या घराच्या अब्रूला धरून नाही, तिची प्रकृती संशयास्पद आहे, यापुढे तिला इथे ठेवणं मला शक्य दिसत नाही, काय करावं ते कळवा. "संशयास्पद" हा शब्द शोधायला मला बराच वेळ लागला.

पेटीत टाकून घरी आलो तर दारात रमाकांत. हातात मासिकं नव्हती.

"बेहेरेजी, बकुळताईंबद्दल जरा बोलायचं होतं. वो सफेदा जो है—"

"सफेदा लागला तर मी दुकानावर येईन. यापुढे घरी यायचं कारण नाही."

"पण ऐकून तर घ्यावं आपण. इतका सफेदा घरात—"

मी दार लावलं. कडीही घातली. तो थोडा वेळ बाहेर उभा होता, फटीतून त्याचे जोडे दिसत होते. आपण काही मर्दपणाचं केलं असं मला वाटत होतं.

१९ मार्च, गुरुवार

पहाटे बकुळ पोट धरून फरशीवर पडली. टांग्यात घालून सिविल लाइन्सला डॉ. श्रीवास्तवांकडे नेलं. दुसऱ्या कुणाकडे नेलं असतं तर बरं झालं असतं, पण जवळचे आणि चांगले तेच.

तपासून त्यांनी तिला बाहेरच्या बाकावर सिंधूजवळ बसवलं आणि मला आत बोलावलं. "बेहेरे साहब, आप जो सोचकर आए हैं, वैसी कोई बात नहीं है. बिलकुल नहीं."

मी काय विचार करून आलो होतो ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. चेहऱ्यावर लिहिलेलं असेल. खुर्ची घट्ट धरून बसलो.

मग ते स्वतःच्या हिरड्यांवर बोट फिरवून म्हणाले, "मसूड़ों पर मुझे हलकी सी नीली लकीर लगी. घर में रंग का काम होता है न? वो गाड़ियाँ? बहनजी उसमें हाथ लगाती हैं?"

"जी नहीं. सब मैं करता हूँ."

"उस कमरे में उठना-बैठना?"

"नहीं."

"आपको तो कोई तकलीफ़ नहीं?"

"नहीं."

त्यांनी मान हलवली, म्हणाले मग माझा भ्रम असेल, रक्त कमी आहे, टॉनिक लिहून दिलं. मी उठलो. रंगाचा आणि पोटाचा काय संबंध? उगाच प्रदर्शनाची गोष्ट उकरून काढून काय मिळणार होतं?

सिंधूला घरी येऊन सांगितलं, तसं काही नाही. ती देवापुढे जाऊन बसली. बकुळला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार, की माझा संशय डॉक्टरांनी खोटा ठरवला? अण्णांनाही लिहायला हवं. उद्या.

२२ मार्च, रविवार

अण्णांना लिहिलं नाही. शेव्हरोलेचा सहावा हात. टॉनिकने थोडं बरं वाटतंय असं बकुळ म्हणते. माझ्याशी कामापुरतंच बोलते.

२९ मार्च, रविवार

नंबरप्लेट तेवढी राहिली होती. बकुळने कुंचला ओठांत धरला, टोक केलं, हात पुढे नेला आणि कुंचला प्लेटवर पडला. तिने उचलला. पुन्हा पडला. पंजा मनगटातून खाली लोंबला होता, तिने डाव्या हाताने तो वर उचलला, सोडला, तो परत लोंबला. ती दोन तीन वेळा तेच करून बघत राहिली.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अगं, सहाचा आकडा पुसला गेला."

प्लेट मीच रंगवली. वेडीवाकडी झाली.

३१ मार्च, मंगळवार

निरोप समारंभ. साहेबांना शेव्हरोले देताना सगळे उभे राहिले. ते प्लेटकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढीच जागा माणसाने केल्यासारखी वाटते, बाकी मशीनने." सगळे हसले. मला दोन शब्द बोलायला लावलं. मी चिकाटी या विषयावर बोललो.

घरी आलो तेव्हा बकुळ डाव्या हाताने भात खात होती. भात ताटाबाहेर सांडत होता. सिंधू भरवायला पुढे झाली तर तिने मान फिरवली.

२ एप्रिल, गुरुवार

बकुळने मासिकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "ही रमाकांतजींना नेऊन दे. मला आता पान उलटता येत नाही."

संध्याकाळी सदर बाजारात गेलो. दुकानात तो एकटा होता. मी गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि निघणार तेवढ्यात त्याने विचारलं, "ताई कशा आहेत?"

"हात दुखतो."

"कोणता?"

"उजवा."

"उठत नाही? मनगटातून लटकतो?"

मी थांबलो. त्याने फळी उचलली आणि बाहेर आला. म्हणाला, "हमारे बाबा के ज़माने में एक रंगसाज़ थे दुकानात. तीस वर्षं सफेदा घासला, घासून घासून हात असाच लटकला. आधी पोट, मग हात. सफेद्यात शिसं असतं बेहेरेजी. घासल्यावर जी धूळ उडते ती जहर. बाबा तर आम्हाला सफेद्याचा कुंचला तोंडात धरला तर थप्पड मारायचे."

कुंचला तोंडात धरला तर. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपल्या लहानपणाचं सांगत होता.

"डबे तुम्ही न्यायचात म्हणून मला वाटायचं आपणच करता. फेब्रुवारीत डबे द्यायला आलो तर ताई कोठीतून बाहेर आल्या, भुवयांपर्यंत पांढऱ्या. नंतर त्यांनी मासिकाबरोबर चिठ्ठी दिली, पोट दुखतंय, हिंग्वाष्टक कुठलं चांगलं म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. तेच सांगायला मी आलो होतो त्या दिवशी. आपण दार लावून घेतलंत."

"हो," मी म्हणालो. तिथून तसाच डॉक्टरांकडे गेलो. पळतच म्हणायला हवं. सदरमधल्या माणसांनी बघितलं असेल.

डॉक्टर दवाखाना बंद करत होते. मी उभ्यानेच सांगितलं. सगळे सात हात तीच देते, कोठी बंद असते, ओठांनी टोक करते, अँबॅसडरही तिचीच होती.

त्यांनी हातातलं कुलूप टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मैंने आपसे पूछा था."

"जी."

"साफ़-साफ़ पूछा था. उसके बाद भी वो उसी कमरे में काम करती रहीं?"

"जी."

"आपने झूठ क्यों बोला?"

मी म्हणालो, "आपने मेरा हाथ पकड़ा था." त्यांना ते कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर निघाले.

३ एप्रिल

शिसंच आहे. कानपूरहून इंजेक्शनं मागवली आहेत. मनगटाखाली लाकडाची पट्टी बांधली. हात पूर्वीसारखा होईल का, असं बकुळने स्वतः विचारलं. डॉक्टर म्हणाले महिने लागतील, आणि पूर्वीसारखा होईलच असं वचन मी देणार नाही. तिने मान डोलावली, जणू भाजीचा भाव ऐकला.

कोठीतले डबे, कुंचले, पेपर मी अंगणात खड्डा करून पुरले. डॉक्टरांनी सांगितलं, झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. दिवसभर गुडघ्यांवर बसून पुसत होतो. फडकं पिळलं की पाणी दुधासारखं निघायचं.

८ एप्रिल, बुधवार

मी ऑफिसात असताना अण्णांचं उत्तर आलं. पाकिटावर "बेहेरे कुटुंब" असं होतं. अण्णांचं अक्षर बघून बकुळला आनंद झाला, म्हणाली वहिनी, वाच ना. सिंधूला मी पाठवलेल्या पत्राची कल्पना नव्हती. तिने मोठ्याने वाचायला घेतलं.

अण्णांनी लिहिलं होतं की असल्या बाईला मिरजेत थारा नाही, पुण्याच्या एखाद्या आश्रमात चौकशी करावी, आणि जे काय आहे ते तिकडेच उरकावं.

सिंधूने मला हे दारातच रडत सांगितलं. म्हणाली, "मी दुसऱ्या ओळीला थांबले. तर त्या म्हणाल्या, वाच वहिनी, माझ्याबद्दलचंच आहे ना." आणि मग सिंधूने बकुळचे पाय धरले, की संशय पहिल्यांदा माझ्या मनात आला. बकुळने तिला उठवलं म्हणे.

मी आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि परत ओसरीत आलो. सिंधूला जे एका दुपारी जमलं ते मला जमलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

आज धीर करून तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "मी इन्स्टिट्यूटमध्ये सेक्रेटरींना सांगतो. बक्षीस तुझ्या नावावर करायला लावतो."

"नाव राहू दे," ती म्हणाली. "त्या नावाचं मी काय करू? हात असता तर ठीक होतं." मग थोड्या वेळाने, "आधी रमाकांतजींकडे जा. मग अण्णाला लिही. काय लिहिशील ते मला वाचून दाखवायचं."

दुपारी गेलो. रमाकांतने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आपण मोठे आहात, असं म्हणू नये." पण नजर वर केली नाही, आणि गिऱ्हाईक नसतानाही डबे इकडचे तिकडे लावत राहिला. मी उठेपर्यंत लावत होता.

१९ एप्रिल, रविवार

पत्र लिहायला आठवडा गेला. आज सकाळी बकुळला वाचून दाखवलं. सिंधूही होती.

वाचलं: "ती. अण्णांस सा. न. वि. वि. चि. बकुळच्या बाबतीत मागे जे कळवलं होतं त्यात गैरसमज झाला होता. ती आजारी असून—"

"थांब," बकुळ म्हणाली. "गैरसमज झाला होता म्हणजे? आपोआप झाला? सर्दी झाल्यासारखा?"

मी पुढचं वाक्य वाचायला लागलो.

"कुणी केला ते लिही, दादा."

मी पेन काढलं. खोडलं. तिच्यासमोर गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचलं: "मी माझ्या बहिणीवर खोटा संशय घेतला."

"पुढे."

"ती आजारी पडली ती माझ्या कामामुळे. ते काम तिचं होतं, नाव मी माझं लावलं."

"पुढे."

इथे मी पेनाला टोपण लावायला घेतलं. सिंधूने "जाऊ द्या ना वन्सं" असं काहीतरी म्हटलं. बकुळ तिच्याकडे बघून म्हणाली, "नाही वहिनी. मला झालंय ते सगळं यात यायला हवं. कुणाला तरी माहीत पाहिजे." तिचा हात पट्टीवर मांडीत पडलेला होता. बोटं जराशी हलत होती, आज पहिल्यांदाच.

मी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेलो: "डॉक्टरांनी वेळेवर विचारलं होतं. तेव्हा मी खोटं बोललो. मला माझा मान जास्त मोलाचा वाटला. मी खरं बोललो असतो तर तिचा हात कदाचित वाचला असता."

ती म्हणाली, "खाली सही कर. तुझी एकट्याची."

केली. पाकीट डकवलं. ती म्हणाली पेटीत नको, पेटी उद्या उघडतात, स्टेशनवर रेल्वे टपालाच्या आर.एम.एस.मध्ये टाक, म्हणजे आजच्याच गाडीने जाईल. मी जोडे घातले आणि निघालो.